सर सांगतील तेव्हा

गेले त्या दिवशी सकाळी ह्यांनी मला गॅस बंद केलास का म्हणून विचारलं. केला म्हणून सांगितलं, तर थोड्या वेळानं परत विचारलं. मी स्वयंपाकघरातून ओरडून म्हटलं, नसेल केला तर दोघंही एकदमच जाऊ, मागं राहिलेल्याची काळजी नको. त्यावर ते नेहमीसारखे स्वतः येऊन शेगडीचं बटण चाचपून गेले. आंघोळ करून आले, पलंगाच्या कडेवर बसून शर्टाची बटणं लावत होते. "कसंतरी होतंय गं," एवढंच म्हणाले... आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अगदी अचानक झालं. मला त्या शब्दाचा फार राग आला. ज्या माणसानं आयुष्यभर काहीही अचानक होऊ नये म्हणून जीव टांगणीला लावला, त्याच्या बाबतीत हा शब्द वापरायचा म्हणजे काय?

महाडमध्ये नुसतं सर म्हटलं तरी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर आमचे हे, प्रभाकर, उभे राहायचे. कॉलेजात भूगोल शिकवायचे. मी शाळेत मराठीची बाई. त्यामुळे ते गेल्यावर चार जण म्हणाले, तुम्हीच लिहा त्यांच्यावर, तुम्हाला काय अवघड आहे? अवघड आहे. ज्या माणसाची आयुष्यभर चेष्टा केली, त्याच्याबद्दल गंभीर चेहरा करून लिहायला मला जमत नाही. तेव्हा आठवेल तसं लिहिते.

त्यांचा एक विद्यार्थी शिकायला परदेशी गेला आणि तिथेच प्राध्यापक झाला. ह्यांच्या निवृत्तीच्या सुमारास तो आपले विद्यार्थी आमच्याकडे धाडायला लागला. ही मुलं एम.ए. किंवा पीएच.डी. करणारी, विषय सगळ्यांचा एकच, विकास. कुणी बिरवाडीला कारखान्यातल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या बघायला आलं, कुणी पोलादपुरात महामार्ग रुंद झाल्यावर ज्यांची दुकानं मागं सरकली त्यांना भेटायला. पहिले काही दिवस सगळ्यांचा मुक्काम आमच्या माडीवर. एसटी यायच्या कितीतरी आधी हे स्टँडवर जाऊन उभे राहायचे. घरी आल्यावर चहाच्या आधी सूचना. पाणी उकळून प्या. दगडी गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, हात घालू नका, साप असतो. आंबेनळी घाटात कठड्यावर बसून फोटो काढू नका. ती बिचारी मुलं हे सगळं स्थानिक लोकांचं ज्ञान समजून वहीत उतरवून घ्यायची. एकानं तर जेवल्याबरोबर आंघोळ करू नये हेही लिहून घेतलं आणि असं का, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, सरांना भीती वाटते म्हणून.

मारिट आणि जोनास आले ते उन्हाळ्याच्या शेवटी. मारिट हॉलंडची, म्हणजे जिच्या देशात डोंगर औषधालाही सापडायचा नाही. जोनास जर्मनीचा, उंच, लाजरा, भात खाऊन खाऊन कंटाळलेला. त्यांना पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत राहायचं होतं. वाडीचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आपल्या नावाच्या पुढे धोकादायक हा शब्द वाचून वाचून तिथली माणसं विटली आहेत. वाडीच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडली होती. साहेब लोक येऊन बघून गेले, खाली रस्त्याच्या कडेला जागा दाखवली गेली, पण वाडी काही हलेना. ज्या जागी जीव जाऊ शकतो ती जागा माणसं का सोडत नाहीत, हा ह्या दोघांचा अभ्यास. आता ह्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, हे मला कळलं नव्हतं. वर वर्षभर वाहणारा झरा, वर देवी, वर नाचणीची शेतं, आणि घराघरातल्या मुंबईला असलेल्या माणसांनी गणपतीला म्हणून नुकतेच घातलेले स्लॅब. महाडचा माणूस सावित्रीच्या पाण्याला घाबरतो, डोंगराला नाही. डोंगर तर आपला असतो.

ह्यांना मात्र डोंगर माहीत होता. कॉलेजच्या मुलांना घेऊन ते त्या वाडीत वर्षानुवर्षं जात होते, वाडीतले निम्मे तरुण त्यांच्या हाताखालून गेलेले. ह्या दोघांना तिथे ठेवायला त्यांनी होकार दिला, त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. मारिट राहिली अनसूयाकडे. अनसूयाचा नवरा मुंबईला, घरात ती आणि सासरे धोंडूबाबा, वाडीतले वडीलधारे. आठवड्याच्या आत मारिटची मीरा झाली आणि जोनासचा जनू. हे रोज सकाळी फोन करायचे. वाडीत रेंज फक्त देवळाच्या पायरीवर, त्यामुळे अनसूया ठरल्या वेळी पायरीवर येऊन बसायची आणि मीरानं काय खाल्लं, जनूच्या पायाला काय चावलं, ह्याचा अहवाल द्यायची. मी म्हणायची, पोटच्या पोरीला हॉस्टेलला ठेवलं तेव्हा एवढे फोन केले नव्हते तुम्ही. ते म्हणायचे, ती आपली होती, ही दुसऱ्यांची आहेत.

त्या वाडीची एक रीत आहे. वाडीत ज्यानं एक रात्र काढली, तो पाहुणा खाली उतरताना एकटा उतरायचा नाही. सगळी वाडी त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत येते. म्हातारीकोतारीसुद्धा निदान वळणापर्यंत येतात, आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत कुणी पाठ फिरवत नाही. घरटी कुणी ना कुणी मुंबईला गेलेलं, त्यामुळे निरोप देणं हे तिथलं रोजचं काम, आणि ते कुणी कामचुकारपणे करत नाही. कॉलेजची सहल उतरायची तेव्हाही हीच वरात. हे घरी येऊन कौतुकानं सांगायचे.

पाऊस लागला. श्रावणाच्या आधीचे ते दिवस, सतत पाऊस, आभाळ फाटल्यासारखा. एका सकाळी फोनवर सगळं सांगून झाल्यावर अनसूया सहज म्हणाली की झऱ्याचं पाणी कालपासून गढूळ येतंय, आणि मागचं दार चिकटतंय, लागत नाय. ह्यांनी विचारलं, कुठलं दार, डोंगराकडचं? ती हो म्हणाली. फोन ठेवला तेव्हा ह्यांचा चेहरा असा उतरला होता की मी चेष्टा करायचं विसरले. पाणी गढूळ आणि दार अडतंय, म्हणजे जमीन सरकत असेल, असं म्हणाले. तालुक्याला फोन केला, तिथून उत्तर मिळालं की पाऊस ओसरला की माणूस पाठवतो. त्यावर हे छत्री घेऊन निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. ह्या वयात, ह्या पावसात, कुठे निघालात? ते माझ्याकडे न बघता चपला शोधत राहिले.

पुढचं मला मारिटकडून आणि अनसूयाकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. चिखलानं माखलेले हे वाडीत पोचले आणि घरोघर जाऊन खाली चला म्हणून विनवायला लागले. धोंडूबाबांनी त्यांना बसवलं, टॉवेल दिला, चहा दिला. पाणी दर पावसात गढूळ होतं, ते म्हणाले, आणि लाकूड फुगलं की दार चिकटतंच. ह्यांनी मग मारिट आणि जोनासला तरी खाली चला म्हटलं. मारिट म्हणाली, ही माणसं राहणार असतील तर मीही राहीन. ह्यांच्या हाती दोन परकी मुलं, आणि वर ही सगळी वाडी... आणि खरं बोलून कुणीच हलत नव्हतं. आयुष्यात कधी थाप न मारणाऱ्या माणसानं तेव्हा थाप मारली. धोंडूबाबांना म्हणाले, मीराला आणि जनूला आजच मायदेशी जायचंय, वरून फोन आलाय, गाडी खाली येतेय. मारिटला एवढंच सांगितलं की सामान बांध, सगळेच खाली येतायत.

आणि वाडी उठली. पाहुणे कायमचे चाललेत म्हटल्यावर मागं कोण राहणार? कुणी नाचणीचं पीठ बांधलं, कुणी कोकमाच्या आगळाची बाटली, कुणी कोंबडीची अंडी रुमालात. एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. ती राहते म्हणाली, तर ह्यांनी सांगितलं की मीराला रस्त्यावर तुमच्या पाया पडून जायचंय. एका तरुणानं तिला पाठुंगळी घेतलं. शेळ्या मागं राहत होत्या, तर म्हणे मीराला करडांचा फार लळा लागलाय, तिला शेवटचं बघू दे. म्हणून शेळ्याही निघाल्या. एकदा खोटं बोलायला लागल्यावर माणूस किती हुशार होतो ते बघा. मला हे ऐकताना हसू येत होतं. भर पावसात ती सगळी माणसं एका परक्या मुलीला निरोप द्यायला उतरत होती. ह्यांचं सगळं लक्ष मात्र मागं, डोंगराकडे.

खाली शाळेची खोली उघडून घेतली. गाडी येईना. म्हातारीनं मारिटच्या डोक्यावरून हात फिरवला, मारिटला काही कळेना. तेव्हा ह्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून खरं काय ते सांगितलं. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. मग धोंडूबाबा म्हणाले, "सर, पाहुन्याला पोचवायला आलेली मान्सं हाव आमी. तुमी आमाला पाहुन्याच्या नावानं उतरवलंत." तोवर वाटेवरचा ओहोळ भरून वाहायला लागला होता, म्हणून माणसं परत गेली नाहीत. नाहीतर तशीच वर चढली असती. मारिट रडत रडत पीठ आणि आगळ परत करायला लागली. दिलेलं परत घेत नाय, अनसूया तिला म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

डोंगर काही खाली आला नाही. दोन दिवसांनी पाऊस ओसरला, वाडी वर गेली, झरा निवळला. ऊन पडल्यावर अनसूयाचं दारही आपोआप लागायला लागलं, लाकूडच फुगलं होतं. महाडात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. भाजीवाली ह्यांना विचारायची, सर, आज कुठला डोंगर? मीही हसले असेन, हसलेच. ह्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. हिवाळ्यात जोनास परत निघाला तेव्हा हे त्याला आणायला वर गेले होते. वाडीच्या कडेच्या गोठ्यापर्यंत सगळे आले आणि तिथेच थांबले. रस्त्यापर्यंत एकटी अनसूया आली. घरी येऊन ह्यांनी मला हे सांगितलं आणि ताटावरून उठले. त्यांच्याकडची एवढी चांगली रीत, मी ती नासवली, म्हणाले. मी म्हटलं, माणसं जिवंत आहेत ना? ते म्हणाले, जिवंत आहेत ती माझ्यामुळे नव्हे. हे खरंच होतं.

मारिटचं वेगळंच लचांड झालं. तिच्या विद्यापीठाचे नियम कडक. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांना अंधारात ठेवायचं नाही, आणि इथे तर तिच्याच नावावर सगळ्या वाडीला फसवलं गेलेलं. तिनं प्रामाणिकपणे तिकडे कळवून टाकलं. हिची डिग्री आता माझ्यामुळे जाणार, ही ह्यांची नवी काळजी. शेवटी तिला सांगण्यात आलं की घरोघर जाऊन झाला प्रकार समजावून सांग आणि पुन्हा परवानगी घे. ती तशी गेली, मोडक्यातोडक्या मराठीत प्रत्येक उंबऱ्यावर माफी मागत. "तू कशापायी गो?" अनसूया म्हणाली. "आमाला म्हाईत हाय ना कुनी केलं त्ये."

जायच्या आदल्या दिवशी मारिट आमच्याकडे जेवायला होती. मी तांदळाची भाकरी आणि तिच्या आवडीची वालाची उसळ केली होती. तिनं मोठ्या आनंदानं ह्यांना एक गोष्ट सांगितली. वाडीतल्या प्रत्येक घरात तिनं विचारलं होतं, डोंगराचं भय वाटलं तर खाली कधी उतरायचं हे कोण ठरवणार? तिला वाटलं होतं कुणी तलाठ्याचं नाव घेईल, कुणी वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचं. घरोघर उत्तर एकच आलं. सर सांगतील तेव्हा. एवढं होऊनसुद्धा, बघा सर, त्यांचा विश्वास तुमच्यावरच आहे, ती म्हणाली. तिला वाटलं ह्यांना बरं वाटेल. ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. "आणि मी नसलो तर?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न मारिटच्या अभ्यासात नव्हता.

त्यानंतरचे सगळे पावसाळे आमच्या घरात त्या प्रश्नानं काढले. मारिटला डॉक्टरेट मिळाली, ती तिकडे शिकवायला लागली. इकडे हे मृग लागला की रोज सकाळी वाडीला फोन लावायचे. धोंडूबाबांचा राग कालांतरानं निवळला. फोनवर ते यायचे, हवापाण्याचं बोलायचे. हे त्यांना विचारायचे, बाबा, तुम्हाला काय वाटतं, उतरायला हवं का? ते म्हणायचे, तुमाला काय वाटतं सर? हे म्हणायचे, माझं सोडा, मी उद्या नसेन, तुम्हाला काय वाटतं? आणि पलीकडून हसल्याचा आवाज यायचा. कधी हे जरा जास्त पावसात उतरा म्हणायचे, तर वाडी म्हणायची, सर भितात, त्यांचा स्वभाव हाय, आणि राहायची. कधी उतरायची, तीही सरांचं मन राखायला. फोन ठेवल्यावर ह्यांचं ब्लडप्रेशर मोजायचं काम माझं. मी खूप चिडायची. सगळ्या तालुक्याचा मक्ता तुम्ही घेतलाय का? ते म्हणायचे, मी त्यांना काहीच शिकवू शकलो नाही गं. मला ती तेव्हा निवृत्त मास्तराची कुरकुर वाटायची.

ते गेले तेव्हा पाऊस नीट सुरू व्हायचा होता. मारिटचा फोन आला, ती नुसती रडली. दहाव्याच्या आधी धोंडूबाबा एसटीनं एकटेच आले. आता पाठीत वाकलेत. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "वैनी, आता फोन कोन करनार?" मला खोटं आश्वासन देता आलं असतं. मी म्हटलं, बाबा, मी जन्मभर व्याकरण शिकवलं, मला डोंगरातलं काय कळतं? मी उतरा म्हटलं आणि काही झालं नाही तर तुम्ही हसाल, राहा म्हटलं आणि झालं तर मी कुठे तोंड दाखवू? त्यांनी मान हलवली. खरं हाय, म्हणाले, आणि टोपी घालून निघाले. मी दारापर्यंत गेले. त्या दिवसापासून मला ह्यांची ती जुनी काळजी काय असते ते कळायला लागलं, पण कळून उपयोग काय? रोज सकाळी त्यांचा मोबाइल चार्ज करून टेबलावर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं, एवढंच मी करत होते.

गेल्या आठवड्यात पावसानं धरलं. बाहेर पांढरं झालं होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. सकाळी मी वाडीचा नंबर काढला आणि ठेवून दिला. पुन्हा काढला... विचारायचं काय? पाणी गढूळ आहे का? आणि आहे म्हणाले तर? मला भीती वाटली, साधी भीती. दुपारपर्यंत माझ्यानं फोन करवला नाही. जेवण गेलं नाही. आणि दुपारी तोच फोन वाजला. अनसूया होती.

"वैनी, आमी खाली आलाव. शाळंत हाव."

मी विचारलं, सगळे? म्हातारी माणसं? बाबा?

"बाबाच फुडं व्हते."

डोंगर आला का, हे विचारायला माझी जीभ वळेना. तिनंच सांगितलं, नाही, डोंगर आहे तिथंच आहे. मग कुणी सांगितलं उतरायला? मी विचारलं. मागं पोरांचा गलका आणि शेळ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"कुनी नाय सांगितलं. सकाळधरनं पायरीवर फोन घिऊन बसलोवतो. सरांचा फोन यायचा तवा कसं, सर भितात, आपन नाय भ्यायचं, असं व्हायचं. आज फोनच नाय वाजला. मग आमचं आमालाच भ्या वाटाया लागलं, वैनी."

मी तिला म्हटलं, पाऊस थांबला तरी वर जायची घाई करू नका, जमीन ओली असते. ती बरं म्हणाली. फोन ठेवून मी तशीच उभी राहिले आणि पहिल्यांदा मोकळं रडले. ते गेले त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. मग पदर डोक्यावर घेतला आणि जिना चढून गच्चीवर गेले. पावसात सावित्री किती चढलीय ते बघायला हे दर थोड्या वेळानं वर जायचे, आणि मी खालून ओरडायची की तुम्ही बघितल्यानं पाणी उतरणार आहे का? त्यासाठी मी स्वतः कधीच वर गेले नव्हते. नदी लाल झाली होती, काठावरची झुडपं पाण्यात वाकली होती. शेजारच्या गच्चीवरून गोडबोलेवहिनींनी छत्रीतून डोकं बाहेर काढलं आणि सरांना विचारायच्या तसंच मला विचारलं, किती आलंय हो पाणी?

मी नीट बघितलं. अजून बरंच खाली आहे, म्हटलं, पण बघत राहायला हवं.